मोरीच्या डाव्या गाळ्यातला कस्तूर

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा बिबट्याचं विचारतो. आमच्या सोनईकडं तर हमखास, कारण बिबट्या आता उसातच राहायला आलाय. मी बिबटे पाहिले, एकदा विहिरीत पडलेला वर काढायलाही होते. पण ते काम पिंजऱ्याचं, दोराचं आणि बघ्यांना मागं रेटायचं. माझ्या नोकरीत ज्यानं मला आधी घाबरवलं, मग चारचौघांत खोटं पाडलं आणि शेवटी साहेबांना लेखी उत्तर द्यायला लावलं, तो साळुंकीएवढा एक पक्षी होता. शीळकरी कस्तूर. बिबट्याची वाट बघत बसलेल्यांनी तेवढी माफी करावी.

मी हौसेनं वनरक्षक झाले नाही. माझे यजमान वनरक्षक होते. त्यांना कावीळ झाली, श्रीरामपूरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले आणि गेले. मुलगी चार वर्षांची होती. खात्यानं त्यांच्या जागी मला घेतलं आणि नेमणूक दिली ती अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. मुलीला आईकडं ठेवून मी एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन चौकीवर आले. सोनईच्या माणसाला झाडं म्हणजे लिंब, बाभूळ आणि बांधावरची चिंच. इथं हिरडा, जांभूळ, अंजन, आणि असं दाट रान की दुपारी चारला दिवा लावावासा वाटे.

वनरक्षकाचं काम बाहेरच्यांना नीट माहीत नसतं, म्हणून सांगते. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्याला बीट म्हणतात. बीटचा मालक सरकार, पण जाब विचारायचा तो वनरक्षकाला. रोज गस्त घालायची. कुणी झाड तोडलंय का, वणवा लागलाय का, फासा लावलाय का ते बघायचं. उन्हाळ्यात गवत जाळून आगीला आडवा पट्टा काढायचा, पावसाळ्यात रोपं लावायची, आणि संध्याकाळी हे सगळं वहीत लिहायचं. वहीत नाही ते घडलंच नाही, असा खात्याचा नियम.

पहिल्या जुलैतली गोष्ट. धुकं इतकं की चौकीच्या पायरीवरून फाटक दिसत नव्हतं. पहाटे मी चूल पेटवत होते आणि खालच्या ओहोळातून शीळ आली. माणसाची शीळ. चांगली सावकाश, एखादा रिकामटेकडा खिशात हात घालून वाजवतो तशी. चाल धरायची, चार पावलं न्यायची, मध्येच विसरल्यासारखी सोडायची आणि तिसरीकडूनच उचलायची. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. मी दाराबाहेर आले की गप्प, आत गेले की सुरू. मी एकोणतीस वर्षांची, विधवा, अंगावर खाकी, आसपास एक किलोमीटरात घर नाही. काय वाटलं असेल ते बायकांना सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि ओहोळात उतरले. भीतीपेक्षा राग जास्त होता. नवरा गेला म्हणून इथं आले, आता इथूनही कुणी हुसकणार असेल तर त्याचं तोंड तरी बघून घेऊ, असं मनात होतं. शेवाळावरून दोनदा घसरले, गुडघा फुटला. शीळ अगदी जवळून येत होती आणि माणूस कुठंच नव्हता.

मागून देवराम आला. देवराम आमचा वनमजूर, जवळच्या वाडीतला महादेव कोळी, तेव्हा पन्नाशीचा असेल. डोक्यावर पावसाचं इरलं, हातात कोयती. मी काठी उगारून उभी. त्यानं माझ्या काठीकडं बघितलं.

"कोनाला मारायचं हाय, ताई?"

"कोण शीळ घालतंय ते बघायचंय मला."

त्यानं कोयतीचं टोक वर केलं. पाण्याच्या मधोमध एक दगड, त्यावर एक काळा पक्षी. चोच उघडली, गळा हलला, आणि तीच रिकामटेकडी शीळ निघाली.

"त्यो व्हय," देवराम म्हणाला. "त्याला काय मारता. त्यो त्याच्या बायकूसाठी म्हनतोय."

मी ओहोळाच्या काठावरच बसले आणि किती तरी दिवसांनी हसले. मग रडलेही. देवरामनं तोंड फिरवलं आणि ओहोळात खेकडे शोधत असल्याचं सोंग केलं. तो माणूस असाच होता.

त्या पावसाळ्यात मी तो पक्षी शिकले. शिकवायला पुस्तक नव्हतं, देवराम होता. तो म्हणे, आधी कान लाव, मग डोळा लाव. कस्तूर सावलीतला पक्षी आहे. ओहोळ, धबधबा, दरडीची कपार ही त्याची जागा. लांबून काळा ठिक्कर दिसतो. पण ढग जरा बाजूला झाले आणि उजेडाची तिरीप पडली की खांद्यावर आणि कपाळावर निळा रंग उमटतो, नव्या रेशमी खणासारखा. एक पाऊल पुढं टाकलं की तो रंग नाहीसा. नर आणि मादी दिसायला सारखेच. जमिनीवर चालण्यापेक्षा उड्या मारतो, आणि बसला की शेपटी खाली करून पंख्यासारखी उघडतो. गोगलगाय चोचीत धरून दगडावर आपटतो, शंख फुटला की आतलं खातो. खेकड्याची पिल्लं, बेडूक, किडे, उंबर, काही चालतं. पाऊस संपला की शीळही संपते. हिवाळा आणि अर्धा उन्हाळा तो तिथंच असतो, पण मुका. म्हणून पाहुण्यांना वाटतं की तो पावसाबरोबर येतो आणि जातो. तो कुठंही जात नाही. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

आता जरा फुशारकी उतरवते. पाच-सहा वर्षांत माझं नाव झालं की बाईंना पक्षी कळतात. एका जानेवारीत पक्षीगणना होती. पुण्याहून एक जाणते सर आले होते. जवळच्या गडावरच्या उघड्या कातळावर फिरून आल्यावर मी ऐटीत सांगितलं, "शीळकरी कस्तूर, चार."

सरांनी पेन थांबवलं. "कुठं बसले होते?"

"कातळाच्या टोकावर, उन्हात."

"चारही निळे?"

"दोन निळे. दोन तपकिरी, पोटावर खवल्यांसारख्या रेघा. त्या माद्या असतील."

मी बोलले आणि बोलता बोलताच माझं मला कळलं. कस्तुराची मादी तपकिरी नसते, आणि कस्तूर उन्हात कातळाच्या टोकावर बसत नाही. तो होता निळा शैलकस्तूर. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारा पाहुणा, अंगानं बारीक, रंगानं पाटीसारखा निळसर, एप्रिलपर्यंत परत जाणारा. दहा-बारा लोक उभे होते. कुणी हसलं नाही, त्यामुळं जास्तच लागलं. सर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, रंगावर जाऊ नका. रंग उजेडाचा असतो. तो बसतो कुठं, हलतो कसा, जोडीदार कसा दिसतो, महिना कोणता, हे आधी. रंग सगळ्यात शेवटी." त्या चार शब्दांवर माझी पुढची सगळी नोकरी झाली.

दुसरी चूक याहून वाईट. ती आजवर कुठं लिहिली नव्हती. एका पावसाळ्यात धबधब्याशेजारच्या कपारीत कस्तुराचं घरटं होतं. शेवाळ, मुळ्या आणि चिखलाची वाटी, आत तीन अंडी. शहरातून कॅमेरेवाले आले. फार गोड बोलले, मला मॅडम म्हणाले. मी अभिमानानं घरटं दाखवलं आणि गस्तीला निघून गेले. फोटो स्वच्छ यावा म्हणून त्यांनी पुढचा नेच्यांचा पडदा कापून टाकला. त्या पडद्यामुळंच घरटं इतके दिवस कुणाला दिसलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी डोमकावळ्यानं अंडी नेलेली. जोडी समोरच्या दगडावर बसली होती, चोचीत काही नाही, शीळ नाही. मी वहीत लिहिलं, "गस्त घातली. सर्व ठीक." देवरामनं ते पान वाचलं नसेल, त्याला वाचता येत नव्हतं. पण तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

मधली वर्षं गाळते. वनरक्षकाची वनपाल झाले, मुलगी शिकून नर्स झाली, देवराम वारला. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं, तेव्हा मोरीचं प्रकरण उभं राहिलं.

मोरी म्हणजे रस्त्याखालचा बारका पूल. वाडीकडं जाणाऱ्या एकमेव रस्त्यावर ती दगडी मोरी होती, दोन कमानींची. कमानीच्या पोटाला गाळा म्हणतात. आदल्या पावसाळ्यात ती खचली होती. मे महिन्यात दुरुस्ती सुरू झाली. अभयारण्यातलं काम, त्यामुळं परवानगीला अटी होत्या आणि रोज जाऊन बघायचं काम माझं. बांधकामाची टोळी पाथर्डीकडची. हिवाळाभर ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात असं रस्त्या-पुलाचं काम करायचं, अशी दहा-बारा माणसं. टोळीची मुकादम एक बाई, गयाबाई. बायका मुकादम कमी असतात. नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली अधू झाल्यावर हिनं टोळी हाती घेतली होती. तिची बोली ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी गयाबाई माझ्याकडं तक्रार घेऊन आली. "ताई, तुमच्या रानात कोन वाईट चालीचं मानूस हाय का? आमच्या पोरी पान्याला उतरल्या की शिट्टी मारतंय. मी सांगून ठिवते, घावला तर हात मोडीन."

मी तिला हसले नाही. मी तिच्याबरोबर मोरीखाली गेले. उन्हाळ्यात ओहोळ आटला होता, पण मोरीच्या खाली एक डोह शिल्लक होता आणि कमानीत गारवा होता. डाव्या गाळ्यात वरचा एक दगड निसटून कोनाडा झाला होता. कोनाड्यातून शेवाळ लोंबत होतं आणि त्याच्यावर एक काळी शेपटी. आम्ही जागच्या जागी थांबलो आणि मागं फिरलो.

"हे मारतंय शिट्टी?" गयाबाईनं विचारलं.

"याचा जोडीदार. ही बसलीय अंड्यांवर."

गयाबाईनं पदर खोचला. "मंग काय करायचं? उद्या डावा गाळा पाडायचा हाय."

मी काम थांबवलं. तो हक्क मला होता, पण चोवीस तासांचा. पुढं रेंजर साहेबांचा लेखी हुकूम लागणार होता. साहेब फोनवर म्हणाले, "पक्षी कोणता, घरटं चालू आहे का, लेखी द्या. नुसतं कस्तूर म्हणून चालणार नाही. तुमच्या गावातूनच उलटी माहिती आलीय माझ्याकडं."

उलटी माहिती दिली होती वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी. गुरुजी वाडीतलेच, आपल्याच वाडीत शिकवायला मिळालं म्हणून बदली टाळत राहिलेले, तळमळीचे. त्यांनी रस्त्यावरून मोबाईलवर फोटो काढला होता, धुरकट. मोबाईलमधल्या पक्षी ओळखायच्या ॲपनं उत्तर दिलं, निळा शैलकस्तूर. गुरुजींनी पुढचं वाचलं: हिवाळी पाहुणा, इथं घरटं करत नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला. इथं घरटं करतच नाही, तर मोरीतलं घरटं जुनं आणि रिकामं. आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी म्हणत होती की बाईंना पक्षी ओळखता येत नाही आणि त्यांच्यापायी रस्ता अडलाय.

मी गुरुजींच्या घरी गेले. चहा झाला. मी म्हटलं, "गुरुजी, भांडायला आले नाही. उद्या सकाळी दोन तास माझ्याबरोबर बसा. तुम्ही म्हणता तसं निघालं तर मी स्वतः साहेबांना लिहून देईन की माझं चुकलं."

ते आले, पाण्याची बाटली आणि वही घेऊन. आम्ही मोरीपासून पन्नास पावलांवर जांभळाखाली बसलो. मी काही शिकवलं नाही, फक्त विचारत गेले.

"महिना कोणता, गुरुजी?"

"मे."

"शैलकस्तूर कधी परत जातो म्हणून तुमच्या मोबाईलमध्ये लिहिलंय?"

त्यांनी बघितलं. "एप्रिलच्या सुमारास."

"मग हा मागं का राहिला?"

गुरुजींनी वहीत महिना लिहिला. अर्ध्या तासानं वरच्या बाजूनं एक पक्षी आला. डोहाच्या कडेवर उतरला, दोन उड्या मारल्या, शेपटी खाली करून उघडली आणि मिटली. मग कमानीत शिरला. लगेच आतून दुसरा बाहेर आला आणि क्षणभर दोघं कमानीच्या तोंडाशी समोरासमोर बसले. ऊन तिथपर्यंत तिरपं आलं होतं. दोघांचे खांदे एकदम निळे झाले. मग एक आत गेला, एक उडून गेला.

"यातला नर कोणता?" मी विचारलं.

गुरुजी बघतच होते. "सारखेच आहेत दोन्ही."

"शैलकस्तुराची मादी तपकिरी असते. आणि हे दोघं पाळीपाळीनं बसतात अंड्यांवर. आत्ता बघितली ती पाळी बदलली."

गुरुजींनी वही मिटली. "पटलं बाई. माझी चूक. मी ग्रुपवर लिहितो तसं." मग म्हणाले, "पण आता माझं एक ऐका. तीन वर्षांपूर्वी ही मोरी पाण्याखाली होती. माझी धाकटी भावजय अडलेली. गाडी पलीकडं उभी. आम्ही तिला घोंगड्याच्या झोळीतून ओहोळापलीकडं नेलं, दीड तास लागला. ती वाचली, बाळ नाही वाचलं. आत्ताही वाडीत दोघीजणी अवघडलेल्या आहेत, जुलैत होतील. पक्षी खरा आहे, हे मी मान्य केलं. माझ्या वाडीचं काय करू ते तुम्ही सांगा."

कायदा माझ्या बाजूनं होता आणि मला त्याची लाज वाटत होती. मुलीच्या वेळी बाळंतपणाला मी सोनईतून श्रीरामपूरला वीस-पंचवीस मैल डांबरी रस्त्यानं गेले होते, तेही घाबरत.

उत्तर दिलं गयाबाईनं. ती भाकरी खात आमचं बोलणं ऐकत होती. हात धुऊन आली आणि मातीवर काडीनं मोरी काढली.

"हे बगा गुरुजी. ठेकेदाराच्या साहेबानं सांगितलंय आधी डावा गाळा पाडा, मंग उजवा. का, तर यंत्र तिकडून येतंय. यंत्र कशाला पायजे? उजवा गाळा आमी हातानं करतो. आधी उजवा पाडू, बांधू, पक्का करू. तवर हिची पिल्लं निघत्याल. मंग डावा." ती माझ्याकडं वळली. "किती दिस लागत्याल हिला?"

"अंड्यांचे सोळा-सतरा दिवस, त्यातले काही गेलेत. पिल्लांचे तीन आठवडे धरा. जूनचा पहिला पंधरवडा."

"आमाला मिरगाला घरी जायाचं हुतं. पेरनी हाय." तिनं काडी टाकून दिली. "बाकीच्यास्नी जाऊ द्या. मी आन चारजनं राहतो."

"पेरणी कोण करील?" मी विचारलं.

"दीर करल. वाकडी करल, पर करल."

मी साहेबांना अहवाल लिहिला, तीन पानं. महिना, बसायची जागा, शेपटी, दोघांचा रंग, पाळी बदलण्याची वेळ. शेवटी रंग. खाली साक्षीदार म्हणून गुरुजींनी सही केली. डावा गाळा थांबवायचा साहेबांचा लेखी हुकूम आला. ठेकेदाराचा इंजिनिअर चिडला, पण उजव्या गाळ्यावर अट कुठंच नव्हती, त्यामुळं त्याला नाही म्हणता आलं नाही.

पुढचे पाच आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात मोठे. मी कॅमेरा आणू दिला नाही. काजवे बघायला येणाऱ्या गाड्या मोरीवर थांबू नयेत म्हणून गुरुजींनी वाडीतल्या लोकांच्या पाळ्या लावल्या. गयाबाईनं टोळीला एक नियम घातला. कुणीही डाव्या गाळ्याकडं मान वळवायची नाही. ती म्हणे, "ती आपल्याला बगत न्हाई, तर आपुन तिला कशाला बगायचं?" आणि खरंच, दगड फोडायचा आवाज दहा फुटांवर असूनही कस्तूर बसून राहिला. त्याला आवाजाचं भय नसतं. धबधब्याच्या गर्जनेत वाढणारा पक्षी तो. त्याला भय नजरेचं असतं.

मे संपायच्या आधी अंडी फुटली. आता दोघंही सारखे चोचीत काहीबाही घेऊन येत. किडे, गांडुळं, एकदा तर चांगली मोठी खेकडी. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव झाला. तो आमच्याकडचा वळीव नव्हे, डोंगरातला. वरच्या माळावरून लाल पाणी एकदम ओहोळात आलं. डाव्या गाळ्यात पाणी कोनाड्याच्या वीतभर खाली पोचलं. मी काठावर उभी, पावसात, आणि मला धबधब्याशेजारची ती रिकामी वाटी दिसू लागली.

गयाबाईनं ओरडून वाळूची पोती मागवली. पाचजणं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, गुरुजी धोतर खोचून सहावे, मी सातवी. डाव्या गाळ्याच्या तोंडाशी आम्ही पोत्यांचा बांध घातला आणि सगळं पाणी उजव्या गाळ्याकडं वळवलं. उजवा नुकताच बांधून झाला होता, आठवडाही झाला नव्हता. टिकेल की नाही सांगता येत नव्हतं. गयाबाई त्याच्या भिंतीला हात लावून उभी होती, जसं काही हातानं धरून ठेवणार होती. भिंत टिकली. तासाभरानं पाणी उतरलं. थरथरत आम्ही काठावर बसलो, आणि जोडीतला एक भिजून काटकुळा झालेला, चोचीत किडा घेऊन आमच्या डोक्यावरून आत गेला.

गुरुजी म्हणाले, "उजवा आधी केला म्हणून आज वाचलं सगळं. आधी डावा पाडला असता तर पाणी जायलाच जागा नव्हती. रस्ताच गेला असता."

गयाबाई पदर पिळत होती. "मला काय म्हाईत हुतं," ती म्हणाली. "मला आपलं तिला उठवायचं नव्हतं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लं उडाली. तीन होती. दोन एका सकाळी, तिसरं दोन दिवसांनी. त्याच दुपारी टोळीनं डावा गाळा पाडला. वर ताडपत्र्या बांधून, पावसाच्या सरींमध्ये नऊ दिवसांत उभा केला. जुलैत वाडीतल्या दोघीही गाडीतून, मोरीवरून, राजूरच्या दवाखान्यात गेल्या आणि बाळं घेऊन गाडीतूनच परत आल्या. गयाबाईनं डाव्या गाळ्यात एक दगड मुद्दाम आत घेऊन बसवला होता, बसायला जागा राहावी म्हणून.

इथं गोष्ट संपवली तर छान दिसेल, पण पुढच्या वर्षी त्या दगडावर कुणी आलं नाही. मी एप्रिलपासून रोज बघत होते. मे गेला, जून गेला. सिमेंटचा वास असेल, गारवा कमी झाला असेल, आम्ही वाकून बघितलं म्हणून असेल. एका पिढीचं वाचवलं आणि जागा कायमची घालवली, असं मनात घेऊन मी निवृत्त झाले. सोनईला आले, ट्रंक माळ्यावर टाकली.

यंदा जूनच्या शेवटी सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझ्या जागी आलेली, ठाकर समाजातली मुलगी, जंगल माझ्यापेक्षा दुप्पट जाणणारी. म्हणाली, "मॅडम, मोरीत नाहीच आले. तुम्ही एकदा वाडीला येऊन जा." आणखी काही सांगेना.

मी गेले. शनिशिंगणापूरच्या गर्दीतून वाट काढत आधी नगर, मग अकोले, मग राजूर, मग वाडीची गाडी. नव्या मोरीवरून गाडी गेली तेव्हा मी खाली बघितलंही नाही. शाळेपाशी उतरले. शाळेला दोन खोल्या. दोन्ही बंद, आणि पोरांचा आवाज मात्र समोरच्या समाजमंदिरातून येत होता. मी शाळेचं फाटक ढकललं.

सात-आठ वर्षांची एक मुलगी धावत आली आणि हात आडवे करून उभी राहिली. "आत जायाचं न्हाई."

"का गं?"

"खिडकीच्या वरच्या फळीवर कस्तूर बसलाय. गुरुजींनी शाळा तिकडं नेली. अजून अकरा दिस हायेत."

"मी बघते फक्त. लांबून."

तिनं मला वरून खालीपर्यंत न्याहाळलं. अंगावर साधं लुगडं, हातात पिशवी. ती जन्मली तेव्हा मी या बीटवर होते, पण खाकीशिवाय मला ओळखणार कोण.

"तुमी कोन?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "कोनी का असंना. बघायचं पन न्हाई."

पलीकडच्या पडवीत गुरुजी उभे होते. त्यांनी मला ओळखलं होतं. त्यांनी मुलीला हाक मारली नाही, नुसते हसत राहिले. एकोणतीस वर्षं मी या रानात लोकांना अडवलं, आणि दर वेळी अडवणारी मी एकटीच असायची.

मी बरं म्हटलं, फाटक ओढून घेतलं आणि त्या पोरीच्या मागून समाजमंदिरात जाऊन पोरांमध्ये बसले.